एसपीआयवरची चिप उत्तर देत नाही तेव्हा: कोणत्या क्रमाने तपासावे

मायक्रोकंट्रोलरला एसपीआयने जोडलेली चिप बोलत नाही, ही तक्रार माझ्या टेबलावर इतक्या वेळा आली आहे की आता सर्किटकडे पाहण्याआधी मी एवढेच विचारतो: वाचल्यावर नेमके काय येते? नुसते 'चालत नाही' म्हटल्याने काहीच कळत नाही, पण आलेले बाइट जसेच्या तसे लिहून दिले तर दोष कोणत्या बाजूला आहे हे बहुधा तिथेच ठरते. एसपीआय म्हणजे मायक्रोकंट्रोलर आणि चिप यांच्यातला चार तारांचा दुवा: ठोके देणारा क्लॉक, चिपकडे माहिती नेणारी मोसी, चिपचे उत्तर आणणारी मिसो आणि खाली नेली की चिप निवडणारी चिप-सिलेक्ट. या लेखातले सर्व बाइट हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ या सोळा अंकांत लिहिले आहेत. उदाहरणासाठी डब्ल्यू२५क्यू६४ ही ८ मेगाबाइटची फ्लॅश चिप घेतली आहे, कारण तिच्या नेहमी मिळणाऱ्या आवृत्त्यांना ९एफ ही आज्ञा दिली की त्या आपली ओळख म्हणून ईएफ ४० १७ असे ठरलेले तीन बाइट परत देतात.

लक्षणे आणि त्यांचा अर्थ

प्रत्येक बाइट एफएफ येत असेल, तर मिसोची तार सतत वरच्या पातळीवर आहे, म्हणजे तिला कोणीही खाली ओढत नाही. चिप निवडली गेलेली नाही, चिपला वीज मिळत नाही किंवा मिसो तुटलेली आहे आणि मायक्रोकंट्रोलरचा पुल-अप (तारेला पुरवठ्याकडे ओढणारा रेझिस्टर) ती वर धरून आहे, यांपैकी काहीतरी एक असते. सगळे ०० येत असतील तर तार जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, चिकटली आहे किंवा पुल-डाउनमुळे खाली बसली आहे. दर वेळी वेगळे आकडे येत असतील आणि मिसोच्या तारेला बोट लावताच ते बदलत असतील, तर ती तार अधांतरी आहे. अशा वेळी कोडमध्ये वेळ घालवू नये.

याहून बोलके लक्षण म्हणजे सरकलेले बिट. ईएफ ४० १७ ऐवजी डीई ८० २ई किंवा डीई ८० २एफ आले, तर चिप नीट बोलते आहे, पण सगळे बिट एका घराने डावीकडे सरकले आहेत: कुठेतरी क्लॉकचा एक जादा ठोका चिपने मोजला आहे. ७७ ए० ०बी किंवा एफ७ ए० ०बी आले, तर बिट उजवीकडे सरकले आहेत, म्हणजे मिसोवरचे उत्तर उशिरा पोहोचते आहे आणि मायक्रोकंट्रोलर दर वेळी आधीचा बिट वाचतो आहे. या दोन्ही ओळी एकदा कागदावर बायनरीत मांडून पाहाव्यात. पुढे असे आकडे समोर आले की हात आपोआप योग्य तपासणीकडे वळतो.

उरलेली लक्षणे वागणुकीची असतात. चिप कधी ओळख देते आणि कधी देत नाही. एकटी असताना चालते, पण शेजारी दुसरी चिप जोडताच दोघीही बिघडतात. डीबगरमध्ये एकेक ओळ चालवली तर सर्व ठीक असते आणि पूर्ण वेगाने चालवल्यावर बंद पडते. यांचा विचार पुढे त्या त्या ठिकाणी केला आहे.

दोन गोष्टी मात्र दोष नसून दोषासारख्या दिसतात. पुसलेल्या फ्लॅशमधला प्रत्येक बाइट मुळातच एफएफ असतो, त्यामुळे कोऱ्या चिपमधला मजकूर वाचून जोडणीची परीक्षा करता येत नाही. तसेच ओळख बरोबर येते पण लिहिलेले टिकत नाही, हा प्रश्न सहसा एसपीआयचा नसतो. प्रत्येक लेखनाआधी ०६ ही लेखन-परवानगीची आज्ञा दिली का, आधीचे काम संपेपर्यंत ०५ ने स्थिती वाचत थांबलो का, आणि लेखन २५६ बाइटच्या पानाची सीमा ओलांडत तर नाही ना, हे तिथे पाहावे.

आधी तारा, त्याही वीज बंद ठेवून

सर्वांत स्वस्त तपासणी मल्टिमीटरच्या बीपची आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. एक टोक मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर आणि दुसरे थेट चिपच्या पायावर ठेवावे, मॉड्यूलच्या हेडरवर नव्हे. हेडरचे कच्चे सोल्डर, ब्रेडबोर्डची सैल झालेली पकड आणि आतून तुटलेली जंपर तार हे तिन्ही दोष हेडरपर्यंतच मोजल्यास निसटतात. शेजारच्या पायांमध्ये शॉर्ट नाही, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे.

त्यानंतर नावांचा घोळ. सीरियल पोर्टच्या सवयीने अनेक जण तारा उलटसुलट जोडतात, परंतु एसपीआयमध्ये मोसी मोसीलाच आणि मिसो मिसोलाच जाते. चिपवर एसडीआय आणि एसडीओ अशी नावे असतील तर ती चिपच्या बाजूने वाचायची: एसडीआय म्हणजे चिपमध्ये येणारी माहिती, अर्थात मोसी. मॉड्यूलवर छापलेली अक्षरे तर याहून फसवी असतात. हवेचे तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणाऱ्या बीएमई२८० च्या अनेक मॉड्यूलवर एसडीए म्हणजे मोसी असते, तर एमएफआरसी५२२ या आरएफआयडी वाचकाच्या प्रचलित मॉड्यूलवर त्याच एसडीए अक्षरांखाली चिप-सिलेक्ट असतो. एकाच टेबलावर ही दोन्ही मॉड्यूल असली की चूक ठरलेली असते. छापील अक्षरांवर विश्वास न ठेवता डेटाशीटमधल्या पिन-क्रमांकावरून तार लावावी.

मायक्रोकंट्रोलरच्या बाजूलाही एक नजर टाकावी. मूळ ईएसपी३२ वर ३४ ते ३९ या पिन फक्त इनपुट आहेत, त्यांच्यावरून क्लॉक कधीच बाहेर पडणार नाही. त्याच चिपवर १२ क्रमांकाची पिन मिसोसाठी वापरली आणि चालू होण्याच्या क्षणी ती वर ओढली गेली, तर फ्लॅशसाठी चुकीचा व्होल्टेज निवडला जाऊन बोर्ड सुरूच होत नाही. तेव्हा दोष एसपीआयचा वाटत नाही, पण असतो त्याच तारेचा.

चिपच्या पायावरची वीज

वीज चालू करून चिपच्या पुरवठ्याच्या आणि जमिनीच्या पायावर मीटर लावावे. बोर्डवर ३.३ व्होल्ट आहेत म्हणून चिपलाही तेवढे मिळतात असे गृहीत धरू नये. एकदा एक सेन्सर दहापैकी चार-पाच वेळा बरोबर ओळख देत होता. मालकाने दोन दिवस कोड बदलून पाहिला होता. पुरवठ्याच्या पायावर मीटर लावले तेव्हा २.४ व्होल्टच्या आसपास दिसले, आणि सोल्डर-आयर्न लावण्यासाठी पाय किंचित हलवला तर तो पॅडला जोडलेलाच नव्हता. मोसी आणि क्लॉकच्या तारांतून, चिपच्या आतल्या संरक्षक डायोडांमार्गे, जी चोरटी वीज शिरत होती तिच्यावर ती चिप अर्धवट जगत होती. पुरवठ्याचा आकडा अपेक्षेपेक्षा सुमारे एका डायोडच्या फरकाने कमी दिसला की हा प्रकार आठवावा.

पुरवठ्याच्या पायाजवळ १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर असणे अत्यावश्यक आहे. एनआरएफ२४एल०१ सारख्या रेडिओ मॉड्यूलला प्रक्षेपणाच्या क्षणी अचानक जास्त प्रवाह लागतो, म्हणून तिथे आणखी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मॉड्यूलच्या पिनवरच लावावा. वीज आल्यावर चिपला जागे होण्यास लागणारा वेळही द्यावा. बीएमई२८० ला २ मिलिसेकंद पुरतात, तर एनआरएफ२४एल०१ च्या नव्या आवृत्तीसाठी १०० मिलिसेकंद थांबावे लागते. डीबगरमध्ये चालणारे आणि एरवी न चालणारे कोड बऱ्याचदा एवढ्याच विलंबाअभावी अडते.

याच टप्प्यावर मोकळे सोडलेले पाय शोधावेत. फ्लॅश चिपचा होल्ड हा पाय खाली गेला की ती मिसो सोडून देते आणि क्लॉककडे दुर्लक्ष करते. हा पाय अधांतरी असेल तर चिप टेबलावर चालते आणि खोक्यात घातल्यावर बंद पडते. होल्ड, लेखन-संरक्षण आणि रीसेट हे पाय वापरायचे नसतील तर १० किलोओहमने पुरवठ्याला बांधावेत.

मायक्रोकंट्रोलर स्वतः ठीक आहे का

चिप पूर्ण बाजूला काढून मोसी आणि मिसो या दोन पिना एका तारेने एकमेकींना जोडाव्यात आणि ए५, ५ए, ००, एफएफ असे बाइट पाठवावेत. जे पाठवले तेच परत आले पाहिजे. ते येत नसेल तर चिपचा काहीही दोष नाही. पिन-मांडणी, एसपीआय युनिटचा क्लॉक किंवा पिनचे पर्यायी काम निवडणारी नोंद चुकलेली आहे. ही परीक्षा काय सिद्ध करत नाही हेही लक्षात असावे. पाठवणारा आणि घेणारा एकच असल्याने मोड (क्लॉकच्या कोणत्या कडेवर बिट वाचायचा हे ठरवणारी मांडणी) कोणताही असला तरी ती उत्तीर्ण होते, आणि क्लॉकची पिन व चिप-सिलेक्ट यांना तर ती स्पर्शही करत नाही.

वेग कमी करून ओळख विचारणे

आता चिप परत जोडून क्लॉक १०० किलोहर्ट्झवर आणावा. बहुतेक चिपना किमान वेगाची अट नसते, आणि इतक्या मंद गतीला तारांची लांबी, कडांची धार व विलंब यांचे प्रश्न जवळजवळ नाहीसे होतात. इथे चालले आणि ८ मेगाहर्ट्झला बंद पडले तर दोष विद्युत स्वरूपाचा आहे. इथेही चालले नाही तर दोष तारांचा, निवडीचा किंवा मोडचा आहे. कामाची ही वाटणी इतकी उपयुक्त आहे की मी पूर्ण ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा तयार कोड, बाजूला ठेवून दहा ओळींचा वेगळा कार्यक्रम लिहितो, जो फक्त ओळख वाचून छापतो.

ओळखीची किंमत डेटाशीटमध्ये असते. बीएमई२८० मध्ये डी० या रेजिस्टरमधून (चिपच्या आतल्या क्रमांकित कप्प्यातून) ६० येते (५८ आले तर हाती आलेली चिप बीएमपी२८० आहे आणि तिच्यात आर्द्रतेचा सेन्सर नाही). एडीएक्सएल३४५ या त्वरणमापकामध्ये ०० या रेजिस्टरमधून ई५ येते, आणि एमएफआरसी५२२ च्या ३७ या रेजिस्टरमधून ९१ किंवा ९२. पत्ता पाठवण्याची रीत मात्र प्रत्येकीची वेगळी असते. बीएमई२८० मध्ये सर्वांत वरचा बिट १ असेल तर वाचन आणि ० असेल तर लेखन. एमएफआरसी५२२ मध्ये पत्ता आधी एक घर डावीकडे सरकवून मग वरचा बिट १ करावा लागतो, म्हणून ३७ वाचण्यासाठी तारेवर ईई जाते. एमसीपी२५१५ या कॅन-नियंत्रक चिपमध्ये ०३ ही वाचनाची आज्ञा आधी आणि पत्ता नंतर असतो. एका चिपचा कोड दुसरीसाठी उसना घेणारे इथेच अडखळतात.

आणखी एक गफलत नवख्यांकडून हमखास होते. एसपीआयमध्ये पाठवणे आणि घेणे एकाच वेळी घडते. आज्ञेचा बाइट जात असताना जो बाइट परत येतो तो उत्तर नसून निरर्थक असतो, आणि खरे उत्तर मिळवण्यासाठी तेवढेच भरीचे बाइट पाठवावे लागतात. म्हणजे ९एफ नंतर तीन भरीचे बाइट, एकूण चार, आणि त्यांतला पहिला टाकून द्यायचा. 'एफएफ ईएफ ४०' असे वाचून चिप चुकीचे उत्तर देते म्हणणाऱ्याची चिप पूर्ण निरोगी असते.

चिप-सिलेक्ट

माझ्या अनुभवात तारांनंतर सर्वांत जास्त दोष याच एका रेषेवर सापडतात, कारण बाकीच्या तीन रेषा हार्डवेअर सांभाळते आणि ही बहुधा आपण सांभाळतो. ही रेषा (पुढे तिला नुसते 'निवड' म्हटले आहे) खाली आल्यापासून आज्ञा, पत्ता आणि शेवटचा उत्तर-बाइट संपेपर्यंत ती खालीच राहिली पाहिजे. दोन बाइटच्या मध्ये ती वर गेली तर चिप तो व्यवहार संपला असे समजते आणि पुढचा भरीचा बाइट तिला नवी आज्ञा वाटते. काही ड्रायव्हर प्रत्येक बाइटसाठी निवड वरखाली करतात. अशा वेळी ती पिन साधी आउटपुट करून स्वतःच्या हाताने हलवावी.

उलट बाजूची चूक म्हणजे निवड लवकर वर जाणे. एसटीएम३२ वर 'पाठवण्याची जागा रिकामी झाली' हा झेंडा (स्थिती सांगणारा बिट) शेवटचा बाइट तारेवर असतानाच वर येतो. त्यावर विसंबून निवड सोडली तर शेवटचे काही बिट कापले जातात. 'व्यग्र' हा झेंडा उतरेपर्यंत थांबावे. एकेक ओळ चालवताना मधे भरपूर वेळ जातो म्हणून हा दोष डीबगरमध्ये कधीच दिसत नाही. अर्डुइनो उनोवर १० क्रमांकाची पिन निवडीसाठी वापरत नसलात तरी ती आउटपुट ठेवावी, कारण ती इनपुट राहून खाली गेली की मायक्रोकंट्रोलर आपले मास्टरपण, म्हणजे क्लॉक चालवण्याचा अधिकार, गमावतो आणि कार्यक्रम बाइट जाण्याची वाट पाहत अडकतो.

एकापेक्षा जास्त चिप असतील तर कोणाशीही बोलण्याआधी सर्वांच्या निवडी वर न्याव्यात, आणि रीसेटच्या काळात त्या वर राहाव्यात म्हणून प्रत्येकीला १० किलोओहमचा पुल-अप द्यावा. तरीही दोन चिप एकत्र चालत नसतील तर दुसरीची निवड वर असताना ती मिसो खरोखर सोडते का, हे पाहावे. एसडी कार्ड निवड सुटल्यावर आणखी क्लॉक मिळेपर्यंत तार धरून ठेवते, म्हणून निवड वर केल्यावर एक भरीचा बाइट पाठवावा. एसडी कार्डची काही स्वस्त मॉड्यूल तर व्होल्टेज बदलणारा बफर कायम चालू ठेवतात, त्यामुळे कार्डाने तार सोडली तरी बफर सोडत नाही. तिथे कोडने काहीच साधत नाही. ते मॉड्यूल बदलावे किंवा त्याला वेगळी एसपीआय द्यावी.

मोड

चारच मोड आहेत. ० आणि ३ मध्ये बिट चढत्या कडेवर वाचला जातो, १ आणि २ मध्ये उतरत्या; विश्रांतीत क्लॉक ० आणि १ मध्ये खाली असतो, २ आणि ३ मध्ये वर. डेटाशीटमध्ये मोडचा क्रमांक नसला तरी वेळेची आकृती असते, आणि तिच्यातून या दोनच गोष्टी वाचायच्या असतात. बऱ्याच चिप ० आणि ३ दोन्ही मानतात, एडीएक्सएल३४५ मात्र ३ मागते. चारही मोड आळीपाळीने लावून पाहणे मला पटत नाही, कारण चुकीचा मोडही कधीकधी काठावर चालतो आणि तापमान बदलले की दगा देतो.

मोड बरोबर असूनही चुकणारा एक प्रसंग आहे. निवड खाली आणल्यानंतर मोड ३ लावला, तर क्लॉक खालून वर जातो, चिप ती कड ठोका म्हणून मोजते आणि ९एफ ऐवजी तिला ४एफ ऐकू येते. अशी आज्ञा ती ओळखत नाही आणि गप्प बसते. आधी मोड, मग निवड, हा क्रम कधीही मोडू नये.

व्होल्टेजची पातळी

५ व्होल्टवर चालणाऱ्या अर्डुइनो उनोला 'वर' मानण्यासाठी पुरवठ्याच्या ६० टक्के, म्हणजे ३ व्होल्ट लागतात, त्यामुळे ३.३ व्होल्टच्या चिपचे मिसो थेट चालते, पण जेमतेम. उलट दिशेने ५ व्होल्ट थेट देणे मात्र चिपच्या जिवावर बेतू शकते. ती ५ व्होल्ट सोसते असे डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिले नसेल तर देऊ नयेत. ५ व्होल्टवरच्या ७४एचसी५९५ या शिफ्ट-रेजिस्टर चिपला ३.३ व्होल्टचा संकेत पुरतोच असे नाही, तिला ३.५ लागतात. तिथे एचसीटी प्रकार घ्यावा, ज्याला २ व्होल्ट पुरतात. बीएसएस१३८ मॉस्फेट आणि १० किलोओहमचे लहान व्होल्टेज-परिवर्तक एसपीआयसाठी वापरू नयेत असे माझे मत आहे, कारण त्यांची चढती कड इतकी आळशी असते की १ मेगाहर्ट्झच्या पुढे ती अर्ध्यातच राहते.

लॉजिक ॲनालायझर आणि स्कोप

इथवर दोष सापडला नसेल तरच उपकरणांना हात घालावा. सेकंदाला २४ दशलक्ष नमुने घेणारा साधा लॉजिक ॲनालायझर ८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकचे प्रत्येक चक्र फक्त तीन नमुन्यांत पाहतो, म्हणून वेग १ मेगाहर्ट्झवर आणून चारही रेषा एकत्र पाहाव्यात: निवड कधी खाली आली, पहिली कड कोणती, मोसीवर खरोखर ९एफ गेले का.

ॲनालायझर मात्र कडेचा आकार दाखवत नाही. डावीकडे सरकलेले बिट दिसत असतील तर स्कोप १० पट प्रोबवर ठेवून, आखूड ग्राउंड लावून, क्लॉक चिपच्या पायावर पाहावा. लांब तारांमुळे कडेनंतर जो थरार उठतो तो मधली पातळी ओलांडून गेला की चिप त्याला दुसरा ठोका समजते. क्लॉकच्या तारेत मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला ३३ ओहमचा रेझिस्टर टाकावा, तारा १० सेंटिमीटरच्या आत आणाव्यात आणि क्लॉकसोबत जमिनीची एक तार चालवावी. प्रोब लावताच सर्किट चालू लागते, हा चमत्कार याच दोषाची खूण आहे. बिट उजवीकडे सरकत असतील तर वेग कमी करणे किंवा मिसोच्या वाटेतला परिवर्तक काढणे, एवढेच उपाय आहेत.

कुठे थांबावे

विजेचा मीटर, चार्जर किंवा डिमर यांसारख्या यंत्रांत एसपीआयची जमीन थेट मुख्य विजेच्या तारेला जोडलेली असू शकते. तिथे संगणकाला जोडलेला ॲनालायझर किंवा स्कोपचा ग्राउंड लावला तर उपकरण जळते आणि माणसाच्या जिवाला धोका होतो. असे यंत्र उघडल्यावर मुख्य विजेपासून पृथक्करण आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नसेल, तर पुढे मोजमाप करू नये आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडे ते द्यावे. अनेक सेल असलेल्या लिथियम बॅटरीवर देखरेख करणाऱ्या चिपनाही हेच लागू आहे.

चिपचे पाय तिच्या पोटाखाली असतील आणि हॉट-एअरचा सराव नसेल, तर बोर्ड रीवर्कच्या जाणकाराकडे द्यावा, कारण उखडलेला पॅड परत बसत नाही. चिप बदलूनही, मंद क्लॉकवरही, स्कोपवर चारही रेषा स्वच्छ दिसत असताना ती गप्प असेल, किंवा दोष फक्त मोटर वा रिले चालू झाल्यावर येत असेल, तर प्रश्न बोर्डच्या रचनेचा आहे आणि तो पीसीबी रचनाकारासमोर ठेवावा. जाताना आलेले बाइट, क्लॉकचा वेग, मोड, पुरवठ्याच्या पायावरचा आकडा आणि निवड व क्लॉकचे स्कोपवरचे चित्र सोबत न्यावे, म्हणजे त्याला पहिल्या तारेपासून पुन्हा सुरुवात करावी लागणार नाही.